हिपॅटायटिस सी : उपचारकाळातील रक्ततपासण्या

हिपॅटायटिस सी विषाणूमुळे होणाऱ्या यकृतदाहावर औषधे चालू असताना विषाणू किती हटला आणि औषध अंगाला सोसते की नाही, हे पाहण्यासाठी ठरावीक टप्प्यांवर केलेल्या तपासण्या. या रोगात वर्षानुवर्षे कावीळ दिसत नाही की फारसे दुखत नाही. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ या रुग्णाच्या बोलण्याला येथे पुरावा मानता येत नाही.

मुख्य तपासणी विषाणुभाराची. रक्ताच्या एका मिलिलिटरमधील विषाणूचे आरएनए आंतरराष्ट्रीय एककांत मोजतात. आकडा लाखांत असणे नेहमीचेच. इंटरफेरॉनच्या काळात याच आकड्यावर पुढचे सगळे ठरे. पहिल्या जनुकप्रकाराचा उपचार 48 आठवड्यांचा असे; बाराव्या आठवड्यापर्यंत भार मूळच्या शंभराव्या हिश्शावर न उतरल्यास इंजेक्शने थांबवत. इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटत, सोबतच्या रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन. त्यामुळे रक्तगणनेसाठी पुन्हा पुन्हा सुई टोचून घ्यावी लागे.

डिसेंबर 2013मध्ये अमेरिकेत सोफोसब्युव्हिरला मंजुरी मिळाली, 2015मध्ये भारतात त्याची जेनेरिक औषधे आली आणि हे चित्र पालटले. डॅक्लाटास्व्हिरसोबतचा उपचार बहुधा 12 आठवड्यांत संपतो, मधल्या तपासण्याही थोड्या. खरा निकाल शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी लागतो : तेव्हा विषाणू सापडला नाही, तर रोग बरा झाला असे धरतात.

दोन रिपोर्ट मात्र हमखास फसवतात. एसजीपीटी पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो, पण तो यकृतपेशींची इजा दाखवतो, विषाणू नव्हे. विषाणू असूनही तो नॉर्मल असू शकतो. दुसरा रिपोर्ट प्रतिपिंडांचा. तो बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येतो आणि रोग उलटला या समजुतीने घरचे हादरतात. नव्या संसर्गापासून ही प्रतिपिंडे वाचवत नाहीत, हेही खरे. अशा वेळी विषाणुभारच तपासावा.

सोबत हिपॅटायटिस बी असल्यास सी मावळताना बी उफाळू शकतो आणि एसजीपीटी एकाएकी चढतो. त्यासाठी गोळ्या सुरू करण्यापूर्वीच बीची चाचणी करतात.

भारतात 28 जुलै 2018पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे मोफत मिळतात. सिरोसिस झालेल्या रुग्णाची दर सहा महिन्यांची सोनोग्राफी विषाणू गेल्यावरही चालू ठेवावी लागते. यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही.