आजीचं नेवासं

आजीचं माहेर नेवासं. तिच्या लेखी जगातली सगळी मोठी कामं प्रवरेच्या काठी उरकली होती. बाकीच्या गावांना फक्त त्यांची उरलीसुरली मिळाली. समुद्रातून निघालेलं अमृत देवांना वाढलं ते नेवाशात, आणि वाढणारी मोहिनी. पंगतीत चोरून बसलेल्या राहूचं मुंडकं उडालं ते पडलं राहुरीला, अन् काया गोदावरीपलीकडे कायगावला. म्हणून राहुरीवरून एसटी जाताना खिडकीतून हात जोडायचे नाहीत, अशी तिची सक्त ताकीद होती.

त्या पंगतीची यजमानीण गावात अजून उभी आहे. मोहिनीराज: देव विष्णू, रूप बाईचं, नाव राजाचं. किती घराण्यांचं कुलदैवत! नाकात नथ बघून मी लहानपणी विचारलं होतं, हा देव की देवी? आजी म्हणाली, "वाढताना बाई, नैवेद्याला देव." यावर पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, मला आजीचा निकाल पुरतो. आत्ताचं दगडी देऊळ १७७३ सालचं, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधलेलं. नक्षी बघायला वेळ हाताशी ठेवून जावं. फाट्यावरून गाडी आत वळवून पाच मिनिटांत दर्शन उरकणारे लोक भिंतींकडे बघतच नाहीत.

आजोबांना देवापेक्षा टेकाडाचं कौतुक. नदीकाठच्या लाडमोड टेकाडावर १९५४ ते ५६ च्या दरम्यान हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. गावकऱ्यांना वाटलं, साहेबलोक हंडा शोधताहेत. निघाले दगडी हत्यारांपासून मराठेशाहीपर्यंतचे थरावर थर. आजोबा खड्ड्याच्या कडेला उभे राहून बघून यायचे आणि रात्री जेवताना वर्दी द्यायचे. आजी ऐकल्या न ऐकल्यासारखं करायची. पण तीन हजार वर्षांहून जुन्या घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत पुरलेली लहान लेकरं सापडली, तेव्हा तिचा हात थांबला. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, मण्यांत दोऱ्याचे तंतूसुद्धा टिकले होते. "लांब नेववलं नसंल त्या माउलीला," एवढंच म्हणाली. त्या वस्तीत मोठी माणसंही घरातच पुरत, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तरी तिचं म्हणणं खोडावंसं वाटलं नाही. तिचीही दोन गेलेली होती.

ज्ञानेश्वरांची गोष्ट मात्र ती सावकाश, पाय पसरून सांगे. पैठणहून चौघं भावंडं निघाली ती नेवाशाच्या वेशीत आली, तर एक बाई नवऱ्याच्या प्रेताशी सती जायला बसलेली. ज्ञानोबांनी नाव विचारलं. सच्चिदानंद. असं नाव असलेला माणूस मरेल कसा, म्हणाले, आणि तो उठून बसला. "मेलेला माणूस उठला नि थेट लिहायलाच बसला!" हे वाक्य ती दरवेळी हसत सांगायची. कारकुनी करणाऱ्या आजोबांना टोमणा होता तो.

चमत्कार बाजूला ठेवला तरी लेखक खरा आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके १२१२, म्हणजे १२९० साल, आणि सच्चिदानंदबाबांचं नाव दोन्ही आहेत. त्याच्या थोडं आधी यादव राजा रामचंद्र आणि गोदेच्या दक्षिणतीरावरचं हे क्षेत्रही येतं. पुढे सहाच वर्षांत, १२९६ साली, अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला. ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली तीही त्याच साली. आजीच्या गोष्टीत यातलं काही नसे. राजांना तिच्याकडे फारसा वाव नव्हता.

गावाच्या पश्चिमेला पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली अशी श्रद्धा. मूळचं करवीरेश्वराचं देऊळ पार मोडून गेलं, खांब तेवढा राहिला. आजीच्या लहानपणी तो रानातच उभा होता. आता त्याच्याभोवती मोठं मंदिर आहे, वारकऱ्यांची रीघ असते. दुर्गाबाई भागवतांनी या खांबाविषयी 'पैस' हा लेख लिहिला, त्याच नावाच्या त्यांच्या पुस्तकाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते वाचून मी नेवाशाला गेलो तेव्हा माझं सगळं लक्ष खांबावरच्या संस्कृत लेखाकडे. काहीतरी गहन असणार अशी अपेक्षा होती. लेख निघाला तेलाचा! देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी लेख कोरवणाऱ्याच्या आजोबांनी लावून दिलेली महिन्याची रक्कम पुढेही चालू राहावी, इतकंच.

मला तो खांब तिथपासून जास्त आवडतो. त्या दात्याला काय ठाऊक, त्याच्या तेलाच्या नेमणुकीला कोण पाठ टेकणार होतं!

घरी येऊन आजीला अर्थ सांगितला. अठरा अध्याय ऐकलेली बाई, वाटलं, हिरमुसेल. तिनं विचारलं, "एकदम दिले की दर महिन्याला?"

"दर महिन्याला."

"मग शहाणा होता. एकदम दिले असते तर पुजाऱ्यानं खाल्ले असते."