खेळ मुलाकडे गेला पाहिजे

विरारच्या उत्तरेस आगगाडींतून वैतरणा ओलांडणाऱ्या पुष्कळांना ती नदी त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते हें ठाऊक नसतें. बालशिक्षणाचेंहि तसेंच आहे. ज्या अंगणवाडींत आणि ज्या मॉन्टेसरी वर्गांत वसई-विरारचीं मुलें आज बसतात, त्यांचा उगम शोधीत गेल्यास आपण एका अशा मुलापाशीं पोंचतों कीं, तें आज वर्गांत आलें तर कित्येक पालक आपल्या मुलाची जागा बदलून मागतील.

इ. स. १८०० च्या जानेवारींत दक्षिण फ्रान्समधील आव्हेरों प्रांतांत सुमारें बारा वर्षांचा एक मुलगा रानांतून वस्तींत आला. त्याला बोलतां येत नव्हतें. मोठ्यानें हांक मारली तरी तो मान वळवीत नसे; पण अक्रोड फुटल्याचा बारीक आवाज त्याला लागलीच ऐकूं येई. पिनेलसारख्या नामांकित वैद्यानें तो जन्मजात जडबुद्धि असल्याचा निर्वाळा दिला. ईतार नांवाच्या तरुण वैद्याला तो पटला नाहीं. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेंत त्यानें या मुलाला व्हिक्टर हें नांव देऊन कांहीं वर्षें शिकविलें. व्हिक्टर स्वमग्न असावा, असें कांहीं आधुनिक अभ्यासकांचें मत आहे. दोनशें वर्षांनंतर तें सिद्ध करणें शक्य नाहीं. परंतु ईतारनें नोंदलेला एक प्रसंग विसरण्याजोगा नाहीं. व्हिक्टरचा सांभाळ करणाऱ्या गेरँबाईंचा पति वारला. रोजच्या संवयीनें व्हिक्टरनें त्याचेंहि ताट मांडलें. बाईंना दुःखाचा उमाळा आला तो पाहून त्यानें तें ताट उचलून फडताळांत ठेवलें, आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. ज्याला भावनाच नाहीं असें लोक म्हणत, त्याची ही कृति होय.

ईतारच्या प्रयोगांत एक उणीव मात्र राहिली. त्या संस्थेंत हातांनीं बोलणारीं बहिरीं मुलें होतीं. व्हिक्टरला त्यांच्यांत मिसळूं दिलें नाहीं. त्यांची खुणांची भाषाहि शिकविली नाहीं. शिक्षक मिळाला, मायेचें माणूस मिळालें, लांकडी अक्षरें मिळालीं. सोबती तेवढा मिळाला नाहीं. सन १८२८ मध्यें तो वारला, तोंवर त्याला नीट बोलतां आलें नाहीं.

ईतारची विद्या सेगॅंनें पुढें नेली. मारिया मॉन्टेसरीबाईंनीं त्या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हातानें उतरून काढले, मंदबुद्धि मुलांवर त्या पद्धतीचा अनुभव घेतला, आणि सन १९०७ त रोममध्यें सर्वसामान्य मुलांसाठीं बालगृह उघडलें. तेंच लोण भावनगरास गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्यापर्यंत आलें. आणि सन १९४५ मध्यें ताराबाईंनीं तें आजच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डीस व १९५७ मध्यें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. तेथें आदिवासी मुलें शाळेकडे फिरकत नसत. तेव्हां ताराबाई आणि अनुताई वाघ यांनीं मुलांना दोष दिला नाहीं. शाळाच त्यांच्या अंगणांत नेली, ती अंगणवाडी. गुरांमागें गेलेल्यांसाठीं कुरणांत नेली, ती कुरणशाळा.

स्वमग्न मुलांसंबंधीं आपल्याला हेंच शिकावयाचें आहे. बाल्टिमोरच्या कॅनरनें अशा अकरा मुलांचें वर्णन सन १९४३ त केलें. आपल्याकडील १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत मात्र त्यांचें नांवहि नव्हतें. तें १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यांत आलें, आणि २०१६ च्या कायद्यानें त्यांचा हक्क स्पष्ट केला. पण कायदा बांक देईल. मधल्या सुट्टींत डबा पुढें करणारा हात कायद्याला देतां येत नाहीं. तो शेजारच्या मुलाचाच असावा लागतो.

शिवाय ‘स्वमग्न’ हा शब्दच थोडा फसवा आहे. ज्याला मित्र नकोत तो स्वमग्न, अशी मुलांची समजूत होते. घरांतील वडील माणसांनीं ती दूर केली पाहिजे. घंटेच्या आवाजानें तो कान झांकतो, कारण तो आवाज त्याला खरोखर बोंचतो. तुझाच प्रश्न तो परत उच्चारतो, ती चेष्टा नसून बोलण्याची त्याची वाट असूं शकते. तुझ्या डोळ्यांकडे पाहत नाहीं, म्हणून तो ऐकत नाहीं असें नव्हे. एवढें सांगितलें तर सहा वर्षांच्या मुलालाहि कळतें. ‘बिचारा’ हा शब्द मात्र शिकवूं नये. त्यानें दया येते, मैत्री येत नाहीं.

तो लगोरीच्या खेळांत आला नाहीं, तर ‘त्याला खेळतां येत नाहीं’ असें म्हणून डाव सुरूं करणें सोपें आहे. तो भिंतीशीं बसून खडे ओळीनें लावीत असेल, तर त्याच्याजवळ जरा अंतर राखून बसावें, त्याची ओळ मोडूं नये, आणि एक खडा त्याच्या हाताशीं ठेवावा. त्यानें तो घेतला तर खेळ सुरूं झाला. न घेतला तर उद्यां पुन्हां जावें. व्हिक्टरकडे असा कोणी गेला नाहीं. आपल्या मुलांना त्याच्याकडे जाणें अशक्य नाहीं; शाळा मुलाकडे गेलेली या जिल्ह्यानें पाहिली आहे.