वोलोस : एक गाव, रुळांची तीन मापे

ग्रीसमधील वोलोस बंदराचे रेल्वेस्थानक आपल्याला एक चांगला धडा देते. थेसलीचे मैदान बंदराशी जोडण्यासाठी १८८४ मध्ये लारिसापर्यंत मीटरगेज रूळ पडले. १८९६ मध्ये पेलिओन डोंगराच्या दिशेने ६० सेंमी मापाची गाडी निघाली; जवळजवळ आपल्या माथेरानच्या गाडीएवढीच. रूळ जवळजवळ असले की तीव्र वळणे घेता येतात, खर्चही वाचतो. १९६० मध्ये लारिसा मार्ग १,४३५ मिमी रुंद झाला आणि १९७१ पर्यंत एकाच गावात तीन मापे नांदली. पण माप बदलले की डबा पुढे जात नाही. माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. आरंभी वाचवलेला पैसा पुढे हमालीत जातो. वर्गात नकाशावरची रेल्वेची रेघ दाखवताना आपण तिचे मापही विचारूया.