उतारावर ट्रॉली का डुलते? हुक, पिन आणि वजनाचं गणित

जव्हार/मोखाडा : भाताचे भारे असोत, विटा असोत की खडी, गावात माल आणायला ट्रॅक्टर-ट्रॉली लागतेच. पण इथले रस्ते चढ-उताराचे आणि वळणांचे. मोखाडा-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या तोरंगण घाटासारख्या उतारावर ट्रॉली डावी-उजवी डुलू लागली, तर ट्रॅक्टर सांभाळणं अवघड होतं. याचं मूळ बऱ्याचदा हुकाच्या जोडात आणि माल भरण्याच्या पद्धतीत असतं.

ट्रॉली कुठे जोडावी?
ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या पक्क्या हुकालाच जोडावी. नांगराच्या खालच्या दोन लिंकमध्ये दांडा टाकून जोडली आणि चेक चेन सैल असल्या, तर हुकच बाजूला सरकतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला हिसके देते. टॉप लिंकच्या जागी तर कधीच जोडू नये. ओढ मागच्या एक्सलच्या वर गेली की चढावर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

पिन आणि भोक
पिन झिजली किंवा भोक मोठं झालं की जोडात खेळ येतो. प्रत्येक खड्ड्यात ट्रॉली आधी सैल पडते, मग झटका देते. पिनेऐवजी सळई किंवा बोल्ट घालू नये. पिनेला लॉक आणि जोडीला सुरक्षा साखळी हवीच.

माल कसा भरावा?
दोन चाकी ट्रॉलीत जास्त माल मागे गेला तर हुकावरचं वजन कमी होतं आणि ट्रॉली शेपटासारखी हलते. फार पुढे भरला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग नीट लागत नाही. म्हणून वजन चाकांच्या किंचित पुढे आणि शक्य तितकं खाली ठेवावं. चार चाकी ट्रॉलीत हुकाशिवाय पुढच्या चाकांवरची फिरती चकतीही असते. तिथला खेळही तपासावा.

उतारावर
ट्रॉलीला ब्रेक नसेल तर मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला ढकलतं आणि वळणावर ट्रॉली आडवी येते. त्यामुळे उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रल करू नये, क्लच दाबून धरू नये. शेतात सुटे वापरलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येताच एकत्र जोडावेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो.

ट्रॉली डुललीच तर जोरात ब्रेक मारू नये, स्टेअरिंगही झटक्यात फिरवू नये. स्टेअरिंग सरळ धरून हळूहळू वेग कमी करावा.