बनियनच्या कापडावरचे भरतकाम

धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये मागांवर कापड विणले जाई. आज धुळ्यातला विद्यार्थी खेळाच्या तासाला टी-शर्ट घालतो, तेही कापड ‘विणलेले’च. मराठीत दोन्हींना क्रियापद एकच. त्यामुळे एक मोठा फरक झाकला जातो. मागावर ताणा आणि बाणा काटकोनात एकमेकांवरून-खालून जातात. टी-शर्टात मात्र धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. ओढले की फासांचा आकार बदलतो आणि कापड लांबते. सुती धागा स्वतः फारसा लांबत नाही.

असे फासांचे कापड विणणारे यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये केले. ते पायमोज्यांसाठी होते. ‘होज’ म्हणजे पायमोजा. आपला ‘होजिअरी’ हा शब्द त्यातूनच आला.

भरतकामाचे यंत्र यायला आणखी सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली. १८२८ च्या सुमारास फ्रान्समधील म्युलूझ येथे जोशुए हाइलमान याने ते घडवले. त्याच्या सुयांना दोन्हीकडे टोके आणि नेढे मधोमध. कारागीर मोठ्या आकारातल्या नक्षीवरून काटा फिरवी आणि त्या बेताने कापडाची चौकट सरके. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली याने शिवणयंत्रासारखी सुई आणि धोटा वापरला. नावेच्या आकाराच्या त्या धोट्यावरून यंत्राला ‘शिफली’, म्हणजे छोटी नाव, हे नाव पडले.

या दोन्ही यंत्रांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: कापड चौकटीवर घट्ट ताणलेले हवे. मागावरच्या कापडाला ते मानवते, होजिअरीला नाही. वर्गात करून पाहा. जुन्या बनियनचा तुकडा आडवा ताणून त्यावर पेनाने वर्तुळ काढा आणि तुकडा सोडा. वर्तुळ उभट होईल. वर्तुळाच्या जागी टाके असते तर? कापड आखडते, टाके आखडत नाहीत. भोवती चुण्या पडतात. शिवाय अणकुचीदार सुईने धागा तोडला की फास शिडीसारखे सुटत जातात. शाळेचे बोधचिन्ह भरून देणाऱ्या छोट्या दुकानदाराला तो टी-शर्ट मग पदरचा भरून द्यावा लागतो.

जपानच्या ताजिमा कंपनीने १९६४ मध्ये अनेक डोक्यांचे भरतयंत्र आणले, पुढे संगणक आला. कौतुक त्यांचेच होते. माझ्या मते होजिअरीचा प्रश्न मुख्यतः दोन साध्या वस्तूंनी सोडवला. एक, गोलसर टोकाची सुई. ती धागा न तोडता बाजूला सारते. दुसरी, कागदासारखे दिसणारे, न विणलेले अस्तर. चौकटीचा ताण अस्तर घेते, टी-शर्ट त्यावर न ओढता, सपाट बसतो. काम झाल्यावर भोवतालचे अस्तर कापतात, टाक्यांखालचे तसेच ठेवतात, कारण धुताना, घालताना टी-शर्ट ओढला जातच राहतो. टी-शर्ट उलटा केला की बोधचिन्हामागे ते बोटाला लागते.