एक भाग वायू, सात-आठ भाग हवा

२५ मे १८१२ रोजी उत्तर इंग्लंडमधल्या फेलिंग इथं कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. ९२ जण गेले, त्यात कितीतरी लहान मुलगे होते. अशा खाणीत उघडा दिवा न्यायचेच कशाला, असं आपल्याला वाटेल. पण आत काम करायला दुसरा चांगला उजेडच नव्हता.

कोळशाच्या थरांतून एक वायू झिरपत असे. कामगार त्याला ‘फायरडॅम्प’ म्हणत. तो मुख्यतः मिथेन. १८१५मध्ये हम्फ्री डेव्हीनं त्याचे नमुने लंडनला मागवले, हवेत कमीजास्त मिसळून पेटवून पाहिले. वायू फार झाला तर स्फोट नाही, हवा फार झाली तरी नाही. सर्वांत मोठा दणका एक भाग वायू आणि सात-आठ भाग हवा असताना.

आज हे गणित कागदावर सुटतं. मिथेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे एका भागाला साधारण साडेनऊ भाग हवा. डेव्हीकडे ना शुद्ध मिथेन होता, ना आजची रेणुसूत्रं. तरी तो इतका जवळ पोचला, याचंच मला नवल वाटतं.

एक घनमीटर मिथेन पूर्ण जळला की सुमारे ३६ मेगाज्यूल उष्णता निघते. तेवढ्यात ३० अंशांचं सव्वाशे लिटर पाणी उकळीला येईल. खाणीच्या बोळात ती क्षणात बाहेर पडते. मात्र हवा गरजेपेक्षा बरीच जास्त असली, तर उष्णता ती जादा हवा तापवण्यातच खर्च होते. शेजारचा थर पेटण्याइतका तापत नाही आणि ज्योत पुढं सरकत नाही.

डेव्हीनं उष्णता काढून घ्यायचं काम धातूवर सोपवलं. दिव्याभोवती तारेची बारीक जाळी बसवली. वायू आत शिरून जळे, पण जाळी ज्योतीची उष्णता ओढून घेई आणि बाहेरचा वायू पेटत नसे. जानेवारी १८१६मध्ये हा दिवा हेबर्नच्या खाणीत उतरला. डेव्हीनं पेटंट घेतलं नाही. (जॉर्ज स्टीफन्सननंही तेव्हाच आपला दिवा बनवला होता, श्रेयावरून भांडण झालंच.)

स्फोट मात्र थांबले नाहीत. दिवा आला म्हणून मालकांनी वायूमुळं सोडून दिलेले भागही खणायला काढले. जाळी गंजे, फाटे; जोराच्या वाऱ्यात ज्योत तिच्यातून बाहेर येई. शिवाय जाळीतून उजेड इतका मंद पडे, की काही कामगार ती काढून ठेवत. मजुरी खणलेल्या कोळशावर मिळायची.