न. चिं. केळकर : ‘केसरी’च्या कचेरींतून दिल्लीच्या कायदेमंडळांत

दिंडोरी म्हटली कीं इतिहासप्रेमी वाचकांस १६७० सालीं सुरतेहून परततांना शिवाजीमहाराजांनीं मोंगलांशीं दिलेली लढाई आठवते, आणि या भागांतील संग्राहकांची दृष्टि साहजिकच मोडी कागदांपुरती राहते. छापील वृत्तपत्रास आपण साधन मानीत नाहीं. ही उपेक्षा किती महाग पडते, हें नरसिंह चिंतामण केळकर यांच्या चरित्रावरून दिसेल. मे १९१७ मध्यें येथून जवळच नाशकास होमरूल लीगच्या वर्षपूर्तीनिमित्त टिळकांचें भाषण गाजलें. त्या लीगचे केळकर हे चिटणीस.

केळकरांचा जन्म १८७२ चा, मोडनिंबचा. साताऱ्याची वकिली सोडून ते १८९६ सालीं टिळकांकडे पुण्यास आले. पुढच्याच वर्षीं टिळकांस राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली व पत्राचा भार या पंचविशीच्या तरुणावर पडला. १९०८ च्या खटल्यावर टीका केल्यामुळें न्यायालयाच्या बेअदबीबद्दल त्यांस स्वतःलाहि चौदा दिवस कारावास घडला. पुढें १९२३ पासून १९२९ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद होते.

खरा वाद आहे तो १९२५ चा. मध्यप्रांतांत श्रीपाद बळवंत तांबे यांनीं सरकारी अधिकारपद स्वीकारतांच स्वराज्य पक्षांत फूट पडली. केळकर, जयकर व मुंजे प्रतियोगी सहकारितेच्या बाजूस गेले, आणि केळकर मवाळ झाले अशी बोलवा उठली. आमच्या मतें हा न्याय उतावळा आहे. प्रतियोगी सहकारितेचें धोरण १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्यें खुद्द टिळकांनीं मांडलें होतें. शिवाय दर आठवड्यास प्रतिपक्षाचें म्हणणें वाचून त्यास उत्तर देणाऱ्या संपादकाच्या अंगीं दुसरी बाजू पाहण्याची जी संवय बाणते, ती कायदेमंडळांत गुण ठरते. मात्र पुढारीपणास ती मारक होते. गुरूची गादी केळकरांस पेलली नाहीं असें म्हणणारे ही गोष्ट विसरतात.

याचा निर्णय कशावरून करावयाचा? केळकरांनीं टिळकांचें चरित्र तीन खंडांत लिहिलें. परंतु तेथें साक्षीदारच ग्रंथकार आहे. निवडक लेखसंग्रहांत मूळ अंकांतील शेजारचा मजकूर व वाचकांचीं पत्रें गळतात. म्हणून १९१९ ते १९२६ या काळांतील ‘केसरी’चे सुटे अंकहि सनदांइतक्याच काळजीनें जपले पाहिजेत. दिंडोरी-वणीकडील वाड्यांत पोथ्यांच्या बासनाभोंवतीं असलीं पत्रें गुंडाळलेलीं आढळल्यास, फेंकण्यापूर्वीं त्यांवरील तारीख अवश्य वाचावी.